लहरींची धांव

कोंकणांत पावसाळा जवळ आला, कीं वैशाख-ज्येष्ठाच्या संध्याकाळीं सह्याद्रीच्या माथ्यावर काळे ढग गोळा होऊं लागतात. खेड आणि चिपळूण यांच्या दरम्यान, परशुरामाच्या डोंगराच्या अंगास, लोटे गांवचा सडा उंचावर मोकळा पसरलेला आहे. तेथून पूर्वेकडे दृष्टि टाकली म्हणजे सह्याद्रीची भिंत आडवी उभी दिसते. त्या भिंतीवर वीज चमकते, आणि घरांतील जाणतें माणूस मुलांना म्हणतें, "मोजा रे आंकडे." मुलें एक, दोन, तीन असें सेकंदांच्या अदमासानें मोजूं लागतात. पंधराव्या आंकड्यास गडगडाट ऐकूं आला, तर वीज पांच किलोमीटरांवर चमकली. सहाव्या आंकड्यास आला, तर ती दोन किलोमीटरांवर आली, आणि अंगणांत वाळवण काढीत असलेल्या माणसांनीं केव्हांच घरांत यावयास हवें होतें.

हा मुलांचा खेळ खरा. पण त्यांतील युक्ति मोठ्या कामाची आहे. घटना एकच घडते. तिच्या वार्ता मात्र दोन निघतात. एक प्रकाशाच्या वाटेनें येते, दुसरी ध्वनीच्या वाटेनें. दोघींचे वेग निरनिराळे, म्हणून त्या मागेंपुढें पोंचतात. आणि त्यांच्या पोंचण्यांत जें अंतर पडतें, त्यावरून घटना किती दूर घडली हें घरबसल्या सांगतां येतें. ह्याच युक्तीनें शास्त्रज्ञांनीं पृथ्वीच्या पोटांत कोणीं न पाहिलेल्या गोष्टी हुडकून काढल्या आहेत.

प्रथम लहर म्हणजे काय, हें लक्षांत घेतलें पाहिजे. भाद्रपदांत भाताचीं शेतें उभीं असतां वाऱ्याची झुळूक एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत धांवत गेलेली दिसते. ताटें कांहीं जागचीं हलत नाहींत. जीं तीं आपल्या मुळाशीं घट्ट असतात. प्रत्येक ताट वांकतें, शेजारच्या ताटास लागतें आणि पुन्हां उभें राहतें. बांधापर्यंत जातें तें केवळ वांकणें. हवेंतून येणारा ध्वनि, पाण्यावरील लाट, जमिनींतून येणारा हादरा, ह्या सर्वांचें असेंच आहे. पदार्थ जागेवरच राहतो आणि हालचाल पुढें जाते. प्रकाश मात्र ह्या पंक्तींतला नव्हे. त्यास धांवण्यासाठीं पदार्थाची गरजच लागत नाहीं. त्याची गोष्ट पुढें येईल.

हवेंतील ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें ३४० मीटर आहे. हवा गार असली तर तो थोडा कमी होतो, तापलेली असली तर वाढतो. दर अंशास साधारण सहा दशांश मीटरांचा हा फरक पडतो. न्यूटनसारख्या महापंडितानें १६८७ सालच्या आपल्या ग्रंथांत हा वेग केवळ गणितानें काढून दाखविला. पण त्याचें उत्तर प्रत्यक्ष मापाहून सुमारें सहाव्या हिश्श्यानें कमी भरलें. चूक कोठें झाली हें सव्वाशें वर्षें कोणास नीटसें उमगलें नाहीं. पुढें लाप्लास ह्या फ्रेंच गणितज्ञानें दाखवून दिलें कीं, ध्वनीची लहर जातांना हवा इतक्या त्वरेनें दाबली जाते कीं, तिच्यांत उपजलेली ऊब बाहेर निघून जाण्यास वेळच मिळत नाहीं. त्या उबेमुळें हवा थोडी अधिक ताठ होते, आणि वेग वाढतो. सायकलीच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें टोंक तापतें, तें ज्याच्या हातास लागलें आहे, त्यास लाप्लासचें म्हणणें पटण्यास अडचण पडूं नये.

हवेखेरीज इतर पदार्थांतून ध्वनि किती वेगानें जातो, हें मापण्याचे आरंभींचे प्रयोग मोठे मौजेचे आहेत. पॅरिस शहरांत पाण्यासाठीं लोखंडी नळ घातले जात होते. १८०८ सालीं बियो नांवाच्या शास्त्रज्ञानें सुमारें ९५० मीटर लांबीच्या अशा नळाच्या एका टोंकाशीं ठोका मारविला आणि दुसऱ्या टोंकाशीं कान दिला. ठोका एकच होता, पण आवाज दोन ऐकूं आले! पहिला नळाच्या लोखंडांतून आला. दुसरा नळाच्या आंतील हवेंतून, सुमारें अडीच सेकंदांनीं मागाहून. लोखंडांतून ध्वनि हवेपेक्षां दहा पटींहून अधिक वेगानें जातो, असें त्यावरून निघालें. आजच्या मापाप्रमाणें लोखंडाच्या कांबींत हा वेग सेकंदास पांच किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे हवेच्या सुमारें पंधरा पट आहे. बियोचें उत्तर कमी आलें ह्यांत नवल नाहीं. लोखंडांतून आवाज येण्यास जो सेकंदाचा पांचवा हिस्सा लागतो, तो त्या काळच्या घड्याळानें पकडणें म्हणजे चिमटींत वारा धरण्यासारखेंच होतें.

पुढें १८२६ सालीं कोलादों आणि स्टुर्म ह्या दोघां तरुणांनीं जिनीव्हाच्या सरोवरांत पाण्याची परीक्षा घेतली. एका होडीखालीं पाण्यांत घंटा टांगलेली होती. तिच्यावर टोला पडतांच त्याच क्षणीं होडीवर दारूचा भडका उडे. सरोवराच्या पलीकडील तीरास, तेरा किलोमीटरांहून अधिक अंतरावर, दुसऱ्या होडींत एक जण पाण्यांत कर्णा बुडवून, कान लावून बसलेला असे. भडका दिसला कीं घड्याळ चालू, घंटेचा नाद आला कीं बंद. नऊ सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागे. वेग निघाला सेकंदास १४३५ मीटर. हवेंतील वेगाच्या चौपटीहून अधिक. साधन म्हटलें तर घंटा, कर्णा आणि मूठभर दारू. पण उत्तर इतकें चोख निघालें कीं, आजचीं यंत्रेंहि त्या थंड पाण्यासाठीं जवळ जवळ तेंच सांगतात.

येथें एक समजूत दूर केली पाहिजे. 'पदार्थ जितका दाट, तितका ध्वनीचा वेग अधिक' असें पुष्कळ सुशिक्षित माणसेंहि बोलून जातात. शाळेंतील वह्यांतूनहि तें वाक्य सांपडतें. हवा, पाणी, लोखंड ह्या क्रमानें पाहिलें तर तें खरेंहि भासतें. पण शिसें लोखंडाहून बरेंच जड आहे, आणि शिशांतील ध्वनीचा वेग लोखंडांतील वेगाच्या निम्म्याहूनहि कमी आहे. उलट हायड्रोजन वायु हवेच्या सुमारें चौदावा हिस्साच वजनाचा, आणि त्यांत ध्वनि हवेंतल्यापेक्षां जवळ जवळ चौपट वेगानें जातो. तेव्हां जडपणानें वेग वाढत नाहीं, तो घटतो. वाढवितो तो पदार्थाचा ताठपणा, म्हणजे दाबलें असतां उसळून पुन्हां मूळपदावर येण्याची त्याची ओढ. बांधकामावर मातीच्या पाट्या हातोहात देणाऱ्या माणसांची रांग डोळ्यांपुढें आणावी. माणसें चपळ असलीं कीं पाटी भरभर पुढें सरकते. पाट्या जड असल्या कीं तीच रांग मंदावते. लोखंडाच्या रांगेंत पाटी जड असली तरी हात विलक्षण चपळ आहेत. शिशाच्या रांगेंत पाटी त्याहूनहि जड आणि हात लुळे. हायड्रोजन व हवा यांचे हात सारखेच, पण हायड्रोजनची पाटी जवळ जवळ रिकामी. एवढा हिशेब ध्यानांत ठेवला म्हणजे वेगांचीं कोष्टकें पाठ करावीं लागत नाहींत.

प्रकाशाची तऱ्हा अगदीं निराळी. त्याचा वेग पोकळींत सर्वांत अधिक, सेकंदास सुमारें तीन लाख किलोमीटर. पदार्थांत शिरला कीं तो अडखळतो. पाण्यांत त्याचा वेग तीन चतुर्थांशांवर, म्हणजे सव्वादोन लाखांवर येतो. कांचेंत दोन लाखांच्या आसपास. फूको ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५० सालीं प्रकाश पाण्यांत हवेपेक्षां मंद चालतो हें फिरत्या आरशानें प्रत्यक्ष दाखविलें. विहिरीच्या कांठावर उभें राहून पाहिलें तर तेथें दोन पाहुणे एकाच दारांतून आंत शिरत असतात. ध्वनि पाण्यांत पाऊल टाकतांच चौपट धांवूं लागतो, आणि प्रकाश त्याच दारांत आपली चाल आवरतो.

प्रकाशाचीच जातभाई असलेली जी लहर आकाशवाणीचे शब्द घेऊन येते, तिचाहि वेग तोच. सभागृहांत व्याख्यान चाललें असतां तीस मीटर मागें बसलेल्या श्रोत्याकडे शब्द हवेंतून पोंचावयास सेकंदाचा अकरावा हिस्सा लागतो. तेंच व्याख्यान मुंबईहून बिनतारी लहरींनीं निघालें, तर लोट्याच्या घरांतील यंत्रापर्यंत येण्यास तिला सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याहूनहि कमी वेळ लागेल. सभागृहांतील मागच्या रांगेच्या आधीं कोंकणांतील ओटीवर शब्द हजर! आजकाल मोबाइलवर तोच कार्यक्रम लावला तर तो कांहीं सेकंद मागून येतो खरा. पण तो दोष लहरीचा नव्हे. शब्दांचे आंकडे करणें, ते गठ्ठ्यांनीं पाठविणें आणि पुन्हां उलगडणें, ह्या कारकुनींत तो वेळ जातो.

आतां जमिनीकडे वळूं. हवा आणि पाणी यांना दाबलें तर तीं प्रतिकार करतात. पण आडवें सरकविलें तर मुकाट्यानें सरकतात. घन पदार्थ दोन्ही प्रकारें प्रतिकार करतो. म्हणून घन पदार्थांतून दोन प्रकारच्या लहरी जातात. एकींत खडकाचे कण लहरीच्याच दिशेनें पुढें-मागें होतात, ध्वनींतल्याप्रमाणें. दुसरींत ते तिच्या दिशेस आडवे हलतात, दोरीस झटका दिल्यावर दोरी हलते त्याप्रमाणें. पहिली वेगवान असते. दुसरीचा वेग तिच्या साधारण सहा दशांश. पहिलीस प्राथमिक आणि दुसरीस दुय्यम असें म्हणतात. पण दुय्यम हें नांव तिच्या पोंचण्याच्या क्रमापुरतेंच घ्यावें, कारण घरें पाडण्याच्या कामांत तिचा मान पुष्कळ वरचा आहे. जमिनीच्या पृष्ठभागावरून चालणाऱ्या लहरी ह्या दोघींच्याहि मागून येतात.

ह्या तीन प्रकारच्या लहरी भूकंपाच्या नोंदींतून निवडून वेगळ्या दाखविण्याचें श्रेय हिंदुस्थानांत काम केलेल्या एका भूशास्त्रज्ञाकडे जातें. १२ जून १८९७ रोजीं आसामांत प्रचंड भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यांतील रिचर्ड डिक्सन ओल्डम यानें त्याचा कसून अभ्यास केला, आणि दूरदूरच्या यंत्रांवर उमटलेल्या रेषांत तीन निरनिराळ्या टोळ्या निरनिराळ्या वेळीं पोंचल्या आहेत हें त्यानें ओळखलें. पुढें १९०६ सालीं त्यानेंच लहरींच्या ह्या वेळांवरून पृथ्वीच्या मध्यभागीं निराळ्या पदार्थाचा गाभा असला पाहिजे, असें सिद्ध केलें. कारण तेथून येणाऱ्या लहरी अपेक्षेपेक्षां उशीरा येत होत्या. आडवी लहर द्रवांतून जाऊं शकत नाहीं, आणि ती गाभ्यापलीकडे उमटत नाहीं, म्हणून गाभ्याचा बाहेरील भाग वितळलेला आहे, हेंहि नंतर निश्चित झालें. शिलाँगच्या डोंगरांत घरें कोसळलीं, आणि त्या दुःखांतून पृथ्वीच्या उदरांतील गुपित बाहेर आलें.

कोंकणास ह्या लहरींची ओळख ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे झाली. चार वाजून एकवीस मिनिटांनीं कोयनेच्या खोऱ्यांत भूकंप झाला. त्याची तीव्रता रिश्टरच्या मापानें ६ हून अधिक होती. कोयनानगर उद्ध्वस्त झालें, सुमारें पावणेदोनशें माणसें प्राणास मुकलीं, दोन हजारांवर जखमी झालीं. १०३ मीटर उंचीच्या धरणास तडे गेले, पण धरण उभें राहिलें. मागाहून तें अधिक बळकट करण्यांत आलें. दक्षिणेंतील हा कठीण काळा खडक म्हणजे भूकंपापासून अभय, अशी तोंवर सर्वांची समजूत होती. जलाशय भरल्यानंतर तेथें लहान लहान धक्के सुरू झाले होतेच. आणि धरणांतील पाण्यामुळें भूकंपास चालना मिळते याचें जगांतील सर्वांत मोठें उदाहरण म्हणून कोयनेचें नांव आज शास्त्रज्ञांच्या तोंडीं असतें. लहान धक्के तेथें अद्यापहि होत असतात.

कोयनानगराहून लोटे सरळ रेषेंत चाळीस किलोमीटरांच्या आंतच आहे. मध्यें सह्याद्रीची भिंत आहे इतकेंच, आणि जमिनीखालून येणाऱ्यास ती भिंत आड येत नाहीं. सोयीसाठीं अंतर चाळीस किलोमीटर धरून विजेच्या खेळाचा हिशेब येथें लावून पाहावा. खडकांतील प्राथमिक लहरीचा वेग सेकंदास सहा किलोमीटर. ती सात सेकंदांच्या आंत लोट्यास येते. दुय्यम लहरीचा वेग साडेतीन. ती अकरा-बारा सेकंदांनीं येते. दोहोंमध्यें पांच सेकंदांच्या आंतबाहेर अंतर पडतें. हवेंतून आवाज आला असता तर त्यास जवळ जवळ दोन मिनिटें लागलीं असतीं. कोयनेच्या दोन्ही अंगांच्या गांवांतून असें सांगितलें जातें कीं, आधीं जमिनींतून गुरगुर ऐकूं येते आणि मग घर हलतें. कित्येकांस ही भोळी कल्पना वाटते. पण ती अगदीं खरी आहे. प्राथमिक लहर जमिनीच्या पृष्ठभागाशीं पोंचली म्हणजे तिचा कांहीं भाग हवेंत शिरतो आणि कानास ऐकूं येतो. ती गुरगुर कोयनेहून हवेंतून आलेली नसते; पायांखालच्याच जमिनीनें ती उच्चारलेली असते. विजेच्या खेळांत तीन सेकंदांस एक किलोमीटर हा कोष्टक होता. येथें दोन धक्क्यांमधील दर सेकंदास सुमारें आठ किलोमीटर, हा आहे. एवढ्यावरून भूकंप किती दूर झाला याचा अदमास ओटीवर बसूनहि बांधतां येतो.

कोयनेच्या आपत्तीनंतर शास्त्रज्ञांनीं लहरींकडूनच जमिनीची झडती घेतली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेनें १९७० च्या दशकांत गुहागरच्या किनाऱ्यापासून घाटमाथ्यापलीकडे चोरोचीपर्यंत, आणि दुसरीकडे केळशीपासून लोणीपर्यंत, अशा दोन लांब रेषा आंखल्या. त्या रेषांवर ठिकठिकाणीं सुरुंग उडवून जमिनींतील लहरी दूरवर मांडलेल्या यंत्रांवर टिपल्या. वरच्या काळ्या खडकांत प्राथमिक लहरीचा वेग सेकंदास पांच किलोमीटरांच्या जवळपास निघाला. त्याखालच्या प्राचीन खडकांत सहाच्या जवळपास. वेग जेथें बदलतो तेथें थर बदलतो, ह्या न्यायानें काळ्या खडकाचा थर कोठें शेंकडों मीटर, तर कोठें हजार-दीड हजार मीटर जाड आहे, हें जमीन न उकरतां समजलें. पुढें कोयनेच्या परिसरांत गोठणें येथें तीन किलोमीटर खोल छिद्र पाडण्यांत आलें, आणि तें काम २०१७ सालीं पुरें झालें. काळा खडक संपून खालचा ग्रॅनाइटाच्या जातीचा खडक सुमारें सव्वाबाराशें मीटरांवर लागला. चाळीस वर्षांपूर्वीं लहरींनीं दिलेली साक्ष पोलादी गिरमिटानें अशी खरी केली.

ही झाली कठीण खडकाची गोष्ट. मऊ जमिनींत लहरींचें वागणें बदलतें, आणि तें माणसाच्या हिताचें नसतें. घट्ट खडकांतून जोरानें आलेली आडवी लहर गाळांत शिरली कीं तिचा वेग एकदम उतरतो. पण तिनें आणलेली शक्ति कोठें जाणार? वेग घटतो, म्हणून उंची वाढते. समुद्राची लाट उथळ पुळणीवर येतांना वर चढते, तसेंच हें आहे. मेक्सिको शहर एका जुन्या सरोवराच्या तळावर वसलेलें आहे. तेथील चिखलमातींत आडव्या लहरीचा वेग सेकंदास शंभर मीटरांहूनहि खालीं जातो. म्हणजे हवेंतील ध्वनीहूनहि ती मंद चालते. १९८५ सालीं भूकंप झाला तो पॅसिफिकच्या किनाऱ्याशीं, शहरापासून साडेतीनशें किलोमीटरांहून दूर. पण इमारती कोसळल्या त्या सरोवराच्या तळावरच्या, आणि मेलीं तीं हजारों माणसें. लोट्याचा सडा जांभ्या दगडाचा आणि त्याखालीं काळ्या खडकाचा. खालीं चिपळूण शहर वसलें आहे तें वाशिष्ठीनें आणलेल्या गाळाच्या जमिनीवर. परशुरामाचा घाट उतरतांच पायांखालची जमीन बदलते. एकच धक्का दोन्हीकडे सारखा लागत नाहीं. घर बांधणाऱ्यानें चिरे मोजण्यापूर्वीं हें विचारांत घ्यावें.

समुद्राच्या मोठ्या लाटेचाहि वेग ठरविण्याचा एक सोपा तोडगा आहे. भूकंपानें उठलेल्या लाटेची लांबी समुद्राच्या खोलीहून पुष्कळ अधिक असते; अशा लाटेचा वेग केवळ खोलीवर अवलंबून राहतो. खोलीच्या मीटरांस दहानें गुणावें आणि वर्गमूळ काढावें. सेकंदास किती मीटर तें निघतें. चार हजार मीटर खोल पाण्यावर हा वेग दोनशें, म्हणजे तासास सुमारें सातशें किलोमीटर. नव्वद मीटर खोलीवर तीस. आणि दहा मीटरांवर दहाच. २८ नोव्हेंबर १९४५ रोजीं पहांटे साडेतीनच्या सुमारास मकरानच्या किनाऱ्यालगत समुद्रांत प्रचंड भूकंप झाला. तेथून मुंबई अकराशें-बाराशें किलोमीटर. जमिनींतील पहिली लहर हें अंतर अडीच-तीन मिनिटांत तोडते. लाट मुंबईच्या किनाऱ्यास लागली सकाळीं सव्वाआठच्या सुमारास. इतका वेळ लागण्याचें कारण असें कीं, आपल्या किनाऱ्यापासून शेंकडों किलोमीटरपर्यंत समुद्र उथळ आहे, आणि खोल दर्यांतून दौडत आलेली लाट त्या उथळ पायरीवर चढली कीं तिला बैलगाडीची नाहीं तरी आगगाडीची चाल घ्यावी लागते. मुंबईस त्या सकाळीं प्राणहानि झाली. पावणेपांच तास हातीं होते. पण ती बातमी लाटेच्या आधीं कोणी आणली नाहीं. २००४ सालच्या डिसेंबरांत हिंदी महासागरांत तोच प्रकार फार मोठ्या प्रमाणावर घडला, तेव्हां कोठें जाग आली. आणि २००७ सालीं हैदराबादेस लाटांची सूचना देणारें केंद्र सुरू झालें. तेथील यंत्रें जमिनींतील जलद लहर ऐकतात आणि त्याहून जलद अशा विद्युत्-लहरींनीं किनाऱ्यांना कळवितात.

भूकंपाच्या बाबतींतहि हेंच करतां येईल काय? मेक्सिकोंत १९९१ पासून केलें जात आहे. किनाऱ्याजवळचीं यंत्रें धक्का ओळखतात, संदेश प्रकाशाच्या वेगानें शहरांत येतो, आणि खडकांतील लहर मागून येते. मध्यें मिनिटभराची सवड सांपडते. जपानांत २००७ पासून सर्व देशभर अशी व्यवस्था आहे. आपल्याकडे उत्तराखंडांत २०२१ सालीं मोबाइलवरून सूचना देण्याचा उपक्रम सुरू झाला. कोयनेपासून मुंबई दोनशें किलोमीटर; तेथें दुय्यम लहर पोंचण्यास पाऊण मिनिटाहून अधिक वेळ लागतो, आणि तेवढ्यांत उद्वाहक थांबवितां येतात, शस्त्रक्रिया करणारा हात वर उचलतां येतो.

लोट्याची गोष्ट मात्र अवघड आहे. दुय्यम लहर अकरा-बारा सेकंदांनीं येते. भूकंपाजवळच्या यंत्रानें पहिला धक्का ओळखावयाचा, तो खरा आहे कीं सुरुंगाचा आहे हें ठरवावयाचें, आणि मग संदेश सोडावयाचा, ह्यांतच चारपांच सेकंद जातात. उरतात सहा-सात. झोंपलेल्या माणसास जागें होऊन दाराची कडी सांपडावयासहि तेवढे पुरत नाहींत. म्हणून घराच्या भिंतींची जबाबदारी अशा सूचनेवर टाकतां येणार नाहीं. पण सड्यावर आतां रासायनिक कारखान्यांची मोठी वसाहत उभी आहे. तेथील नळ्यांतून आणि टांक्यांतून जें वाहतें, तें सांडलें तर भिंत पडण्याहून वाईट. यंत्राला झोंप नसते, कडी शोधावी लागत नाहीं. विजेवर चालणारी झडप दोन-तीन सेकंदांत मिटूं शकते. पहिल्या लहरीनेंच झडप मिटविणारें यंत्र कारखान्याच्या आवारांत बसविलें, तर कोयनेच्या संदेशाचीहि वाट पाहावयास नको. दोन लहरींमधले पांच सेकंद त्याला पुरेसे आहेत. अणुभट्ट्या आणि जलद आगगाड्या यांसाठीं अशीं यंत्रें जगांत वापरलीं जात आहेत. सड्यावरील कोणत्या टांकीस तें लावावयाचें आणि कोणती आधीं, हें ठरविण्यास मात्र सेकंद नव्हे, कांहीं महिने लागतील. आणि ते भूकंपाच्या आधींचे असले पाहिजेत.